नाटक, लावणी, मॉल, राणीबाग: शहरात कोण कुठे जातं आणि का?

चौथी_रांग (धागाकर्ता)
मुंबई-पुण्यात कोण कुठे करमणुकीला जातं हा विषय निघाला की आपण "ज्याची त्याची आवड" म्हणून मोकळे होतो. आवडच सगळं ठरवत असेल, तर तिकीट स्वस्त केल्यावर प्रेक्षक बदलायला नको. आणि पैसाच सगळं ठरवत असेल, तर फुकट कार्यक्रमाला सगळ्या थरांतली माणसं दिसायला हवीत. मला दोन्ही होताना दिसत नाही.

माझं मत असं: आधी सुट्टीचा वार, मग परतीची गाडी, मग तिकीट, मग दारावरचा माणूस. या चार चाळण्यांतून जे उरतं त्याला आपण आवड म्हणतो. पटत नसेल तर भांडा, पण माहितीच्या जागांबद्दल नेमकं लिहा. वेळ काय, तिकीट कसं लागतं, कोण येत नाही आणि का. आठवणींसाठी वेगळा धागा आहे, तिकडे जा. "आमच्या वेळी" म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा आहे.

अर्धा_चहा
शेवटचं वाक्य वाचून पळ काढतोय.

तिसरी_घंटा
नाटकाच्या तिकिटापासून सुरुवात करतो, कारण तिथे वर्गवारी खुर्चीवर छापलेलीच असते. सध्या व्यावसायिक मराठी नाटकाचे दर साधारण ५००, ४००, ३०० असे उतरत जातात. ५०० च का? नाटक, नृत्य, संगीत, सर्कस यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. त्यावर एक रुपया गेला की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे प्रेक्षकाकडून ५९० घेतले तरच निर्मात्याच्या हातात ५०० पडतात. ५०१ ते ५८९ मधला कुठलाही दर लावणं म्हणजे दर वाढवून कमी कमावणं. म्हणून निर्माता एक तर ५०० वर थांबतो, नाहीतर थेट उडी मारतो.

उडी मारणाऱ्यांना दुसरी अडचण असते. काही पालिकांची नाट्यगृहं भाड्यातली सवलत तिकिटाच्या कमाल दराशी बांधतात. दर वाढला की भाडंही वाढतं. त्यामुळे मराठी नाटकाचा वरचा दर सरकारी नियमांनी आपोआप धरून ठेवलाय, हे निर्मात्यांच्या चांगुलपणाचं लक्षण समजू नका.

पेठेतला_पाहुणा
मग तर नाटक सगळ्यांना परवडायला हवं. ३०० रुपयांत बाल्कनी मिळते. मॉलमध्ये पॉपकॉर्न तेवढ्याला पडतं. तरी लोक मॉलला जातात. म्हणजे आवडच की.

बदलापूर_फास्ट
@पेठेतला_पाहुणा, एका माणसाचा हिशोब करून कसं चालेल? चौघांचं कुटुंब बदलापूरहून दादरला नाटकाला गेलं असं धरा. आकडे ढोबळ आहेत. बाल्कनी १२००, लोकलचं जाऊन-येऊन दीडशेच्या आत, मध्यंतरात वडा-चहा दोनशे, रात्री स्टेशनवरून रिक्षा शंभर. साडेसोळाशे झाले. त्याच चौघांचा घराजवळच्या मल्टिप्लेक्समधला सिनेमा हजारात होतो, खाण्याच्या काउंटरकडे बघितलं नाही तर. एसी मिळतो, आणि पोर रडलं तर कुणी मागे वळून बघत नाही.

आता वेळ. रात्रीचा प्रयोग साडेआठला म्हटला की उघडतो पावणेनऊला, सुटतो साडेअकराच्या पुढे. दादरहून कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या साडेबाराच्या आसपास. गाडी मिळते, पण घरी पोचेपर्यंत दोन, आणि सकाळी सहाची ड्युटी. म्हणून रविवारी दुपारी चारचा प्रयोग बघू म्हणावं, तर मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक साधारण अकरा ते चार. नेमका निघायच्या वेळेला. सगळं जमून आलं तरी सासू-सासरे बरोबर असतील तर दादरचा पूल चढवण्यापासून तयारी.

तिसरी_घंटा
@बदलापूर_फास्ट, म्हणून तर नाटक तुमच्याकडे आलं. डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं आचार्य अत्रे, ठाण्याचं गडकरी आणि घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. परळ-लालबाग-गिरगावातला प्रेक्षक चाळ विकून उत्तरेला सरकला, त्याच्या मागोमाग प्रयोग सरकले. आज रविवारी दुपारी डोंबिवलीला हाउसफुल्लचा बोर्ड जितक्या खात्रीने लागतो तितकी खात्री दादरलाही नसते.

गावकीची_खोली
चाळ "विकून" सरकला म्हणताय ते अर्धंच आहे. गिरणगावातल्या पुष्कळांकडे विकायला चाळ नव्हतीच. एका खोलीत गावकीचे वीस-पंचवीस गडी पाळीपाळीने झोपायचे. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशोबाने. अशा माणसाला करमणूक चालत जाण्याच्या अंतरावर आणि त्याच्या पाळीच्या वेळेतच लागणार. ती तिथे होती म्हणून गिरणगावची म्हणून एक आवड तयार झाली: लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा, भारतमातात मराठी सिनेमा, परळच्या दामोदर नाट्यगृहात नाटक आणि नमन, शक्तीतुरा या कोकणातल्या लोककला, रात्री नाक्यावर भजनाची बारी. मोकळ्या मैदानात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या शाहिरांच्या लाल बावटा कलापथकाने जे उभं केलं, ते ऐकायला तिकीटच नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसलीच नाही. पगार गेला तसा तमाशाचा रोजचा प्रेक्षकही गेला. थिएटरं लोकांची आवड बदलली म्हणून बंद पडलेली नाहीत. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, तिथे मल्टिप्लेक्स आलं, आणि त्याच्या दारावर पहाऱ्याला उभा राहिला तो गिरणीकामगाराचा मुलगा. दामोदर १९२२ पासूनचं, तेही नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी बंद.

नाक_मुरड
सुंदर प्रतिसाद, पण थोडं रंगवलंय. गिरणगावात सिनेमाही तुफान चालायचा आणि तो हिंदी असायचा. सगळा गिरणगाव शाहिरी ऐकत बसला होता, असं नव्हतं.

गावकीची_खोली
मान्य. भारतमाताच्या बरोबरीने हिंदी थिएटरंही भरायची. आणि कामगार नाटक फक्त बघायचे नाहीत, करायचेही. १९५३ पासून कामगार कल्याण मंडळ आहे, त्याची नाट्यस्पर्धा आजही होते. मंडळाची वर्गणी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापली जाते. पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ असते, आणि त्या पैशातून कल्याण केंद्रांत काय मिळतं हे बहुतेकांना माहीत नसतं. कंत्राटी कामगाराचं नाव तर कित्येकदा त्या यादीतच नसतं. परिणामी स्पर्धेत बँका, वीज, एसटी, मोठे कारखाने यांचेच संघ जास्त दिसतात.

एक_पडदा
सिनेमाचा मुद्दा आलाच आहे तर. जुन्या एकपडदा थिएटरात साधारण हजार खुर्च्या, एकच सिनेमा, आणि स्टॉल (खालच्या स्वस्त रांगा), अप्पर स्टॉल, बाल्कनी असे थर. बाल्कनीचा जिना वेगळा, पुष्कळ ठिकाणी कँटीन वेगळं, मुतारीही वेगळी. पण छप्पर एक. खालच्याने मारलेली शिट्टी वरच्याला ऐकू जायची.

२००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सला करमणूक कर माफ केला. पहिली तीन वर्षं पूर्ण, पुढची दोन वर्षं पाऊण. त्या काळी करमणूक कर चांगलाच जड होता, म्हणजे ही सवलत केवढी ते बघा. एकपडद्यांना ती नव्हती. मल्टिप्लेक्समध्ये एकेका पडद्याला दोन-तीनशे खुर्च्या, दर जवळजवळ सारखा, कारण स्टॉलवाला आत येतच नाही. पूर्वी थर इमारतीच्या आत होते, आता ते मॉलच्या दाराशी आलेत. शेवटच्या रांगेत रिक्लायनर टाकून बाल्कनी परत आणलीच म्हणा, पण स्टॉल काही परत आला नाही.

अर्धा_चहा
आणि स्टॉलवाला शिट्टी मारायचा ते आता रिक्लायनरवाला मोबाइलवर बोलतो. प्रगती आहे.

हिशोब_वही
दरच अडसर आहे याचा एक पुरावा: राष्ट्रीय चित्रपट दिन. २०२२ ला तिकीट ७५ रुपये होतं, २०२३ आणि २०२४ ला ९९. त्या दिवशी पडदे भरतात. लोकांना मल्टिप्लेक्स नको असतं तर भरले नसते.

नाक_मुरड
भरतात, पण कोणाकडून? बुकिंग ॲपवर आधी उघडतं, चांगले शो अर्ध्या दिवसात जातात. ज्यांच्याकडे ॲप आहे, कार्ड आहे आणि शुक्रवारी संध्याकाळ मोकळी आहे, तेच दोनऐवजी तीन सिनेमे बघतात. स्टॉलवाल्याला बातमी कळेपर्यंत रविवार उजाडतो आणि दर पुन्हा अडीचशे. त्यात ॲपचं शुल्क वेगळं, खिडकीवर ते नसतं.

तिसरी_घंटा
नाटकालाही तेच. खिडकी साधारण सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडी असते. ज्याची ड्युटी नऊ ते नऊ, त्याला दोन्ही वेळा बंद. फोनवर राखून ठेवायची सोय ओळखीवर चालते. ॲपवर जायचं तर जाहिरात दिसायला हवी, आणि नाटकाची जाहिरात अजून शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रात असते, जे घरात येणं बंद झालंय.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे: कंत्राटी प्रयोग. एखादी पतपेढी, मंडळ किंवा कामगार संघटना ठरावीक रकमेला पूर्ण प्रयोग विकत घेते आणि तिकिटं सभासदांत कमी दराने किंवा फुकट वाटते. नाटकाला सहसा न येणारा प्रेक्षक सगळ्यात जास्त याच मार्गाने येतो. नटांची मात्र कुरकुर असते, कारण फुकटचं तिकीट घेतलेला माणूस मध्यंतरानंतर उठून जातो.

भोसरी_गुरुवार
सुट्टीच्या वाराबद्दल कुणी बोललंच नाही. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेच्या नियोजनातून आलेली पद्धत, अजून चालू. दादरच्या दुकानांची सुट्टी सोमवारी. डिलिव्हरीवाल्यांना तर रविवार हाच कमाईचा दिवस. आणि नाटकं शनिवार-रविवार, फार तर शुक्रवारी रात्री. कारखान्यातला फिटर आणि साडीच्या दुकानातला सेल्समन यांच्या सुट्टीच्या दिवशी चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात किंवा दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात व्यावसायिक नाटक सापडणं मुश्कील. मग तो काय करणार? मोबाइल. वर आपण म्हणायचं, यांना रील्सच आवडतात.

पेठेतला_पाहुणा
हा मुद्दा पटला. त्याला सवाई गंधर्व जोडतो. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेला पुण्यातला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. दिवसभर काम करून माणूस रात्री येऊन बसायचा, पहाटेची भैरवी ऐकून परत कामावर. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे दहाची मर्यादा आली. सरकारने सूट दिलेल्या दिवशी बारापर्यंत. आता मधल्या वारी मैफल दुपारी तीनला सुरू होते. तीन वाजता मुकुंदनगरला कोण येऊ शकतं? निवृत्त, विद्यार्थी, आणि ज्याला रजा मिळते तो. नियम आवाजाबद्दल होता, बदलला श्रोता. भारतीय बैठकीचं सीझन तिकीट खुर्चीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतं, पण पाच दिवस दुपारी मोकळं असणं हे खरं तिकीट.

जोगवा
दोन पानं झाली, सगळे वर्ग वर्ग म्हणताहेत आणि जात हा शब्द कुणी काढला नाही. लावणी घ्या. तीच लावणी तीन ठिकाणी बघा.

पहिलं, संगीत बारी: पुण्याचं आर्यभूषण, चौफुल्याची कला केंद्रं. कलावंतांची स्वतःची पार्टी, प्रेक्षक जवळजवळ सगळे पुरुष, समोर बसून फर्माईश, दौलतजादा (नाचणारीवर पैसे उधळणं). वेगळे पैसे मोजून बैठकीची खोली. दुसरं, बालगंधर्वचा किंवा उपनगरी नाट्यगृहाचा लावणी शो: तिकीट लावलेलं, ध्वनिमुद्रित संगीत बरंच, पुढच्या रांगा आधी जातात, शिट्ट्या चालतात. यातच "फक्त महिलांसाठी" प्रयोग आले आणि मध्यमवर्गीय बायका खुर्च्यांवर उभ्या राहून नाचल्या. तिसरं, वातानुकूलित सभागृहातला "वारसा" प्रयोग: मध्ये निवेदन, लावणीचा अर्थ समजावून सांगणार, टाळ्या शेवटी, दौलतजादा अजिबात नाही.

कलावंत कित्येकदा त्याच घरांतल्या, कोल्हाटी, डोंबारी. कला बदललेली नाही. अंतर बदललंय. पहिल्या जागी गेलेला माणूस घरी सांगत नाही, तिसऱ्या जागी गेलेला फोटो टाकतो. याला निव्वळ पैशाचा फरक म्हणता येणार नाही.

नाक_मुरड
@जोगवा, पूर्ण सहमत, आणि माझ्याबाबतीत हे दुर्मीळ आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांनी १९९० च्या दशकात हेच मांडलं: वरचा वर्ग आता "फक्त उच्च कला" असं करत नाही, तो सगळं खातो. सवाई, कोल्डप्लेचा रॉक शो, वारसा लावणी, लालबागची मिसळ, सगळं. प्रतिष्ठा आता निवडीच्या विविधतेत आहे. खालच्या माणसाला मात्र एक-दोन गोष्टींवरच भागवावं लागतं आणि त्याची आवड "संकुचित" ठरते.

हिशोब_वही
कोल्डप्लेचं निघालंच तर: जानेवारी २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, तिकीट २,५०० पासून साडेबारा हजार, लाउंज ३५,०००. त्या रात्री स्टेडियमबाहेर पाणी आणि चमकती शिंगं विकणाऱ्यांनी गाणी पूर्ण ऐकली. फुकट.

राणीची_बाग
फुकटाचा प्रश्न धाग्यात पहिल्यापासून लटकलाय, म्हणून भायखळ्याचं उदाहरण. राणीबागेचं तिकीट मोठ्यांना ५०, आई-बाप आणि दोन मुलांना मिळून १००. रविवारी पेंग्विनपुढे रांग संपत नाही. त्याच फाटकापाशी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासून तिथे आहे, तिकीट राणीबागेहूनही कमी. दोन्हींची सुट्टीही एकच, बुधवार. म्हणजे वार तोच, गाडी तीच, पैसे कमी. तरी पेंग्विन बघून आलेली बहुतेक कुटुंबं संग्रहालयाच्या पायऱ्यांसमोर फोटो काढून पुढे जातात. धागाकर्त्याच्या चार चाळण्यांपैकी तीन इथे लागूच होत नाहीत.

उरतो दारावरचा माणूस, पण तो आत सोडतो! अडवतं ते वेगळंच. चकचकीत लाकूड, शांतता, पिशवी बाहेर ठेवा, हात लावू नका, मुलाने मोठ्याने विचारलं तर आईच त्याला गप्प करते. राणीबागेत डबा उघडून बसता येतं, मुलगा ओरडला तर वाघ उलट ओरडतो. पिएर बोर्द्यू यांनी १९६० च्या दशकात युरोपातल्या संग्रहालयांत येणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात हेच निघालं होतं. प्रवेश फुकट केल्याने कामगार वाढत नाहीत. त्यांना बाण, पाट्या, कुठून सुरू करायचं हे सांगणारं कुणी हवं असतं. शिकलेल्या प्रेक्षकाला त्याच पाट्या नकोशा होतात.

बदलापूर_फास्ट
डबा! हाच खरा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की सिनेमागृहवाले बाहेरचं खाणं अडवू शकतात, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या मुलाचं खाणं आणू द्यायचं. कायद्याने बरोबर असेल. पण ज्यांची बाहेर जाण्याची कल्पनाच पोळीभाजीच्या डब्यापासून सुरू होते, ते चौपाटीवर जाणार, मॉलमध्ये नाही. पाण्याचा कूलर कुठे आहे हे विचारून बघा, स्वच्छतागृहाच्या शेजारच्या बोळात असतो.

अर्धा_चहा
अवांतर: उडप्याच्या हॉटेलात खाली साधा हॉल, वर एसी. तोच डोसा, तीच चटणी, तोच स्वयंपाकघराचा लिफ्टवजा डबा, आणि वरच्या मेनूकार्डावर पंधरा-वीस रुपये जास्त. २०१७ च्या नोव्हेंबरपासून दोन्हींना जीएसटी ५ टक्केच. फरक निव्वळ कुणाशेजारी बसायचं नाही याचा.

चौथी_रांग
@राणीची_बाग, चाळण्या चार नाहीत, पाच आहेत हे मान्य करतो. वार-गाडी-तिकीट-पहारेकरी सुटले तरी "इथे कसं वागायचं" हे शिल्लक राहतं. पण ती पाचवी शिकवता येते, म्हणून मला ती सगळ्यात सोपी वाटते. अवघड आहे ती पहिली. सरळ विचारतो: रात्रीचा प्रयोग साडेसहाला का ठेवत नाहीत? नऊ-सव्वानऊला सुटेल, बदलापूरवाला अकराच्या आत घरी.

तिसरी_घंटा
कारण नाट्यगृह सत्रांत विकलं जातं: सकाळ, दुपार, रात्र. साडेसहाचा प्रयोग दुपारच्या सत्राची शेपूट आणि रात्रीच्या सत्राचं तोंड दोन्ही खातो, म्हणजे दोन सत्रांचं भाडं. नेपथ्याचा टेम्पो आला की सेट लावायला वेळ, प्रकाशयोजना वेगळी, उतरवायला पुन्हा वेळ. चारचा प्रयोग सातला सुटला, त्याचा सेट निघाला, आपला लागला, की साडेआठ कसेबसे गाठतात. रविवारी ठाण्यात दुपारी आणि दादरला रात्री असे दोन प्रयोग करणाऱ्या संस्थेला तर साडेसहा अशक्यच.

जमू शकतं ते मधल्या वारी, कारण दुपारचं सत्र रिकामं असतं. गुरुवार चिंचवड, सोमवार दादर, संध्याकाळी साडेसहा, एकाच सेटचं नाटक, सगळीकडे २०० दर. पालिकेने त्या दिवसापुरतं एकाच सत्राचं भाडं लावलं तर कंत्राट घ्यायला पतपेढ्याही मिळतील.

भोसरी_गुरुवार
गुरुवारी साडेसहा नको, चार ठेवा. सुट्टीच्या दिवशी दुपारी झोप काढून संध्याकाळी बाजार करायचा असतो. आणि जाहिरात पेपरात देऊ नका, कंपनीच्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर लावा.

अर्धा_चहा
टपरीचा दर ठरला की कळवा. तिथे तरी मी पूर्ण चहा घेईन.